तो, ती, ते

रिक्षातून उतरले तेव्हा
उत्तमनगरच्या त्या दारात सगळे उभे.
मी हात जोडून म्हणाले, "मी आलो."
हसू आतल्या खोलीपर्यंत गेलं.
माप ओलांडायच्या आधीच
मी ह्या घरातली एक गंमत झाले.

ब्रह्मपूर ते सुरत, बापाच्या यंत्रमागामागे.
सुरत ते नाशिक, जालिंदरच्या मागे.
दोन्ही वेळी पेटी तीच होती.

आमच्या ओडियात जाणारा आणि जाणारी
एकाच क्रियापदातून जातात,
एकाच दारातून जावं तसे.
इथे मात्र प्रत्येक वाक्याच्या शेवटी
पदर सावरावा लागतो.

भिंत ती. दरवाजा तो. घर ते.
कुकर तो, त्याची शिट्टी ती.
कणीक मळता मळता मी पुटपुटायची:
चमचा तो, वाटी ती, ताट ते.
का, ते जालिंदरला विचारलं.
असंच असतं, म्हणाला,
आणि अंबडच्या पाळीला निघून गेला.
मूल मात्र ते.
नऊ महिने मला ह्या भाषेची भीती वाटली नाही.

रेशन कार्डासाठी नाव सांगितलं, सस्मिता.
खिडकीतला माणूस म्हणाला,
"एक स जास्त झाला का ताई?"
आणि अस्मिता लिहून मोकळा झाला.
छान नाव आहे, असंही म्हणाला.

पहिल्या उन्हाळ्यात
रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवलं,
सकाळी पखाळ होईल म्हणून.
सोबत तळलेलं वांगं, कच्चा कांदा,
एवढंच मनात धरून झोपले.
सकाळी घंटागाडीचं गाणं वाजलं
आणि सासूबाईंनी पातेलं ओल्या कचऱ्यात उपडं केलं.
"आंबला होता गं."
मी म्हटलं, "हो."

मग चिनू बालवाडीत जायला लागली.
बाईंनी वहीत लिहून पाठवलं:
मुलगी 'मी जातो', 'मी खातो' म्हणते,
घरी लक्ष द्यावे.
जालिंदरने ते मोठ्याने वाचलं. हसला.
मी ती वही फ्रिजवर ठेवली,
वरच्या बाजूला, जिथे माझाही हात पुरत नाही.

चैत्रातली गोष्ट. गच्चीवर सासूबाई
प्लास्टिकच्या कागदावर सांडगे घालत होत्या.
वर न बघताच म्हणाल्या,
"सटाण्याकडून इथे आले ना,
तर मी 'मला'ला 'माले' म्हणायची.
जावांनी वर्षभर पुरवलं:
माले चहा, माले साखर, माले झोप.
मग मी बोलणंच कमी केलं.
लोक म्हणाले, सून शांत आहे."

तेव्हा उमगलं,
दुपारी दार लोटून फोनवर बहिणीशी
'काय करी राहिनी' म्हणत
ही बाई एवढी मोठ्याने कशी हसते.
त्या आवाजाची बाई
मी जेवणाच्या टेबलावर कधी पाहिली नव्हती.

मी काही बोलले नाही.
बोलायचं असतं तरी
शेवट कुठला लावायचा, ते सुचलं नसतं.
खाली जाऊन उडदाचं वाटण आणलं,
रात्रीच भिजवलं होतं, कुणाला न सांगता,
आणि त्यांच्या कागदाच्या कोपऱ्यावर बसले.
बोटांनी उचलून टोक काढत गेले,
आई काढायची तसं.

"हे असं टोकदार कशाला?"
"आमची बडी अशीच."
त्यांनी एक करून पाहिली. वाकडी झाली.
"बडी म्हणजे ती ना?"
"तुम्ही म्हणाल ते."
"अगं, तुमच्याकडे काय म्हणतात?"
"आमच्याकडे नुसती बडी."
नुसती, असं म्हणाले मी.
म्हणजे ती झालीच.

जिन्यात चपला वाजल्या. चिनू दारातूनच ओरडली,
"मी आलो!"
मी सासूबाईंकडे बघितलं.
त्या पिठाचे हात वर धरून म्हणाल्या,
"ये. पण सांडग्यांवर पाय देऊ नको."