सारंगखेड्याला, पुलाखाली

कोरम भरला तेव्हा उन्हं कलली होती.
अलीकडचे एकोणीस, पलीकडचे अकरा,
मधे तापी, आणि तीन वर्षांचं भांडण:
कुणाचं जाळं कुणी कापलं.

झिपरू वाडिलेनं विषय वाचले.
एक, बॅरेजचे दरवाजे रात्री न सांगता उघडतात;
परवा सुकलालची सगळी जाळी
प्रकाशाकडून आलेल्या लोंढ्यात गेली.
दोन, ठेका.

ठेकेदाराला वाम कुठली, मरळ कुठली
सांगता येत नाही.
पण काटा त्याचा, भाव त्याचा,
बर्फसुद्धा त्याचाच.

"समुद्रवाल्यांना बंदर तरी असतं," इंदल म्हणाला,
"आपण कोणत्या कागदात आहोत?"
मी पेन उघडून बसलेलो.
हे इतिवृत्तात कसं लिहायचं, कळेना.

मग गोजरबाई उठली,
डोक्यावरची पाटी न उतरवता:
"तुमन्या सह्या व्हतीन तवय व्हतीन.
मी सकायपाईन त्याना काटावर
एक चिलापी बी ठेवाव नही."

पलीकडची मंकोरबाई काही बोलली नाही.
जवळ गेली,
आणि गोजरबाईची कललेली चुंबळ
सारखी केली.

तिसाच्या तीस सह्या झाल्या,
त्यातले बावीस अंगठे.
एकाच्या शाईत खवला चिकटून आला,
तो मी तसाच ठेवला.

सर्वात शेवटी लिहिलं:
पुढची सभा पलीकडच्या काठावर.
होडी आमची.