तिन्हीसांजेला

सुभाषनगरात ऊन उतरलं की
शालनचा प्रज्योत चपलेचा अंगठा चाचपायचा:
डावी कुठली, उजवी कुठली.
शालन म्हणायची, काम टाळतंय बेनं.

मी अंगणवाडीची वही घेऊन गेले
तर माझ्यादेखत घागरीवर आदळला.

दवाखान्यात नारिंगी औषध मिळालं, चमचाभर.
परतताना दारातल्या शेवग्याशी थांबले.
शेंगा लक्ष्मीपुरीत विकता,
पाला मात्र रोज झाडून टाकता?
"शेरडाचं खाणं ते, बाई."
तरी परतला तिनं, लसणावर,
तेलाची धार जरा सैल सोडून.

काल गेले. दिवा लागायचा होता.
ओसरीवर चामड्याचा वास, जोड्यांचा ढीग,
आणि कोपऱ्यातनं प्रज्योत:
"आबा, ह्या दोन्ही डाव्याच बांधल्यासा की!"