कुंभारीण

हर्णैच्या बर्फ-कारखान्यासमोर
माझी गाडी जिथे उभी राहते
तिथे भाकरीएवढा डाग.
मासळीचं पाणी, म्हणाले सगळे.
मासळीच्या पाण्यावर माशी बसते.
यावर बसत नव्हती.

नारळी पुनव झाली आणि दापोलीत एकाने
सील बदललं. अठराशे.
गौरी जेवायच्या आधी पुन्हा बदललं,
पुन्हा अठराशे, वर म्हणाला,
बाई, गाडी दमली, विकून टाका.
तिसऱ्या दिवशी सुरमईच्या चार पाट्या घेऊन
खेडला निघाले, तर घाटात तिसरा गिअर
दाढ दुखल्यासारखा कण्हायला लागला.

आसूदला, सुपारीच्या सावलीत,
अश्रफभाई परकारांचा खड्डा आहे,
जांभ्यात खणलेला, पुरुषभर खोल.
कानाने अधू, म्हणून गाडी चालू करायला सांगितलीच नाही.
खाली उतरले, पेटीखाली बोट फिरवलं, नाकाशी नेलं.
इंजिनचं नाही. इंजिनचं जळकं येतं.
हे गंधकाचं. गिअरचं.
मला हुंगायला दिलं.
बांगडा कालचा की आजचा हे डोळे मिटून सांगणारी मी,
दीड महिना या वासावर बसून गाडी हाकत होते.

रॉकेल, जुना टूथब्रश, मग कोरडं फडकं.
मग घरातून नातीच्या पावडरीचा डबा आणला
आणि लोखंडाला पावडर लावली,
जत्रेला निघालेल्या पोरीच्या गालाला लावतात तशी.
"दापोलीपर्यंत जाऊन ये. चढावर दामटव."

परतले. पांढऱ्या पेटीवर एकच काळा ओघळ,
सीलच्या ओठातून निघालेला.
सीलच आहे की, मी म्हटलं.
सील रडतंय गो, ते म्हणाले,
पण त्याला मारतंय कोण?
आणि पेटीच्या वर, जिथे दिसत काही नाही,
तिथे कोपरापर्यंत हात घातला,
नजर छपराकडे,
अडलेल्या गाईपाशी बसावं तसे.

वर एक टोपी असते, करवंदाएवढी.
तेल तापलं की आतली हवा फुगते
आणि टोपीखालून गुपचूप निघून जाते.
वाट मिळाली नाही तर सील फाकवून निघते,
जाताना तेल घेऊन.
टोपी त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली.
लाल मातीने बुजलेली, आणि इतकी गुळगुळीत
की वाटलं कुणीतरी ओल्या बोटाने सारवलीय.
"कुंभारीण," अश्रफभाई म्हणाले.

जून-जुलैची बंदी. होड्या वर ओढलेल्या,
गाडी झापांखाली दोन महिने गप्प.
मी दहा पावलांवर जाळं सांधत बसलेली
आणि ती तोंडात चिखल धरून
चाकामागून आत, बाहेर, आत.
एकदा हाताने हाकललंही असेल मी तिला.

तारेने फोडलं. आत तीन अळ्या,
कधीतरी हिरव्या असतील, आता वाळून काड्या.
त्या खाऊन वाढायचं ते पोर कुठेच नव्हतं,
फक्त एक टरफल, मोहरीहून लहान.
खेडच्या पहिल्याच फेरीत शिजलं असणार.
मी काही बोलले नाही.
तेही टोपी रॉकेलात बुडवून
बराच वेळ नुसती हलवत राहिले.

सील बदललं नाही.
दापोलीवाल्याचं काम पक्कं आहे, म्हणाले,
दोनदा नीट केलं बिचाऱ्याने,
दुखणं वर आणि मलम खाली.
बाजूच्या भोकातून तेल भरलं, करंगळीला लागेपर्यंत,
आणि आट्या बसल्यावर बोल्टला एक थाप मारली.
पैसे तेलाचे घेतले.
मजुरी म्हणून नातीला पावडरीचा नवा डबा,
गुलाबाच्या वासाचा, तिने सांगितलेला.

रात्री गाडीखाली खोक्याचा पुठ्ठा टाकला.
सकाळी पुठ्ठ्यावर मांजर.
उठवलं तिला. कोरडं.

पुढच्या बंदीत टोपीला फडकं बांध,
आणि सोडायला विसरू नको, असं बजावलंय.
बांधेन.
गाडीच्या छपराच्या वाशाला
बांबूची एक रिकामी नळी आत्ताच टांगून ठेवलीय.
कशाला, ते अजून कुणी विचारलेलं नाही.