तिसरा व्हॉल्व्ह

एर्मेतेला डाव्या कानानं काहीच ऐकू येत नाही,
उजव्यानं फक्त शिव्या.
तरी बिएल्लाच्या चढावर माझी फुल्विया खोकली
की तो शटर उघडून उभा.

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर,
लाकडी मूठ कानामागच्या हाडावर,
डोळे मिटलेले.
"तिसरा," म्हणतो. "तिसरा खोटं बोलतोय."

माझ्याहून चार वर्षांनी मोठी ही गाडी.
दाराखाली लोहचुंबक चिकटत नाही:
कुणीतरी, कधीतरी, लांबी भरून वर लाल रंग फासलाय.
मला माहीत होतं. तरी घेतली.
बिलांची फाइल घरात कुणाला दाखवत नाही.
लिंझहून पार्ट यायला दोन महिने,
आणि येतो तो उजव्या बाजूचा.

फीलर गेज धरताना त्याचा हात थरथरतो,
पट्टी फटीत शिरली की
थरथर थांबते.
"आता तू," म्हणतो,
आणि मूठ माझ्या कानामागे टेकवतो.

नदीकाठच्या बंद लोकर-गिरणीतला माग
चालू झाला माझ्या हाडात.
खट खट खट,
आणि मध्येच एक धोटा
जरासा उशिरा.

"आलं ऐकू?"
मी मान हलवली.
त्यानं पाना माझ्या हातात दिला
आणि काडेपेटी शोधत बाहेर गेला.