उरलेल्या काटक्या

वसंताचे शब्द फुकुशीबाई चिठ्ठ्यांवर लिहून आणतात,
बिस्किटांच्या डब्यात घालून हलवतात.
ज्याच्या हाती जो येईल, त्यानं त्यावर सतरा अक्षरं.
सोमाला आला 'झोका'.
टपाल वाटून वाटून गुडघे गेलेले,
म्हणाला, मला त्यावर बसवणार कोण?
नारिताला आलं 'कासव रडतं'.
कासव रडत नाही, सगळ्यांना ठाऊक.
तरी वसंतात ते रडतं असं ऋतुकोशात छापलंय
आणि आम्ही कोशाशी वाद घालत नाही.

मला आला 'गान्बुरो'.

रानहंस शरदात येतात, चोचीत एकेक काटकी धरून;
समुद्रावर दमले की ती पाण्यावर टाकून तिच्यावर टेकायचं.
किनाऱ्याला लागले की वाळूत सोडतात,
वसंतात निघताना आपापली उचलतात.
ज्या उरतात, त्यांचे धनी इथेच मेले.
त्या गोळा करून पूर्वी लोक पाणी तापवत,
वाटसरूंना बोलावून आंघोळ घालत.
तुला सोपंय, फुकुशीबाई म्हणाल्या,
तुझं तर न्हाणीघरच आहे.

आहे. बंब रॉकेलवर चालतो.

पहाटे किनाऱ्यावर गेले.
शिंपल्यांच्या शेतीचा तुटका दोर,
कोरियन अक्षरांची बाटली, एका पायाचा गमबूट,
आणि काटक्या.
हंसाची कुठली, नुसती वाहत आलेली कुठली,
कोण सांगणार? ओल्या सगळ्याच होत्या.
सगळ्याच उचलल्या.

थुआन व्हिएतनामहून आला तो ऑक्टोबरमध्ये,
शिंपल्यांच्या होडीवर कामाला.
मंगळवारी यायचा. बेचाळीस अंशांच्या पाण्याला पाय लावून
आपल्या भाषेत काहीतरी ओरडायचा,
मग हसायचा, मग गळ्यापर्यंत बुडायचा.
जानेवारीत होडी परत आली.
फडताळात त्याची साबणाची डबी आहे.

जुनी चूल पेटवली. खारं लाकूड हिरवट जळतं,
हे मी विसरले होते.
त्या दिवशी पैसे घेतले नाहीत.
कुणी विचारलं नाही का ते;
सोमा मात्र नेहमीपेक्षा जास्त वेळ पाण्यात बसला.

बैठकीत वाचलं:

गान्बुरो आज
अर्धा साबण तसा

शेवटची पाच? फुकुशीबाईंनी विचारलं.
नाहीत, म्हटलं.
जास्तीच्या शब्दावर त्या पेन्सिल आपटतात,
कमी पडलेल्यांचं काय करायचं त्यांनाही माहीत नसावं.
बोटांवर बारापर्यंत मोजलं
आणि हात तसाच धरून ठेवला.

नारितानं आपला कागद घडी घालून खिशात टाकला.
कासवाचं पुढच्या वेळी, म्हणाला.