उत्तराची बाजू

शरणपूरच्या चर्चमध्ये डावीकडच्या बाकांवर
बायका बसायच्या, आणि उत्तर त्यांचं असायचं.
साळवेसर खाकरून अर्धी ओळ वाचत,
सूर्य, चंद्र, दुभंगलेला समुद्र,
आणि उरलेली अर्धी डावीकडून यायची,
एकशेछत्तिसाव्या स्तोत्रभर तीच, सव्वीस वेळा.
आमच्या आईच्या तोंडात ती झिजून
एवढीच राहिली होती:
दया सरत नाही.

मी बोटांवर मोजायचे.
एकोणीस-विसाला राजे मारले जायचे,
आधी सीहोन, मग बाशानचा ओग,
आणि तरी डावीकडून तेच.
“ओगच्या बायकोनं काय म्हणायचं?” मी विचारलं.
आईनं दंडाला चिमटा काढला.
घरी येताना त्र्यंबक रोडवर शेंगदाणे घेऊन दिले.
त्यातच काय ते समजायचं.

आता आई चौऱ्याहत्तरची.
जुलैमध्ये सिव्हिलच्या डॉक्टरांनी
तिच्या डोक्याचा फोटो उजेडाला धरला
आणि पेनाच्या टोकानं एक काळी जागा दाखवली.
इथे शब्द असतात, म्हणाले. असायचे.
पाणी गेलं, भात गेला, माझं नाव,
मग तिचं स्वतःचं, कमलिनी.
नोट प्रेसमध्ये एकोणतीस वर्षं
कोऱ्या नोटा मोजून एकदाही न चुकलेली बाई
स्वतःच्या पाच बोटांकडे बघत
पाचाला काय म्हणतात ते शोधत बसली.

नवव्या दिवशी नर्सनं सलाईन बदललं.
म्हणाली, “झालं बघा आजी.”
आई म्हणाली, स्वच्छ, डावीकडच्या बाकावरून म्हणावं तशी:
दया सरत नाही.
मी जिन्यात जाऊन नाक शिंकरलं.

तेव्हापासून घरात असं चालतं.
गॅस आला गं. दया सरत नाही.
गंगापूरचं पाणी सोडलंय,
दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं म्हणे.
दया सरत नाही.
एलिशाबाईंनी पिंपळगावची द्राक्षं पाठवलीत, आंबट आहेत.
दया सरत नाही.
लाइट गेले.
फिजिओवाली तृप्ती हसते,
“आजींचा रिमोट एकाच चॅनलवर अडकलाय.”
मीही हसते. हसायला येतंच.

पण एका रात्री, तिसऱ्यांदा चादर बदलताना,
मी म्हणाले. मोठ्यानं नाही, पण म्हणाले:
आता बास. ने रे हिला.
अंधारातून उत्तर आलं.
आवाज तोच. माफ केल्यासारखा नाही,
दुखावल्यासारखाही नाही.
ओगनंतर यायचा, तसा.

उपकारस्तुतीच्या रविवारी तिला खुर्चीत बसवून नेलं.
वेदीपुढे कांदे, उसाची मोळी,
पाय बांधलेला एक कोंबडा,
आणि लिलावात चारशेला गेलेला भोपळा,
घेणाऱ्यानं तो लगेच परत वेदीपाशीच ठेवला.
साळवेसर नाहीत आता.
त्यांचा नातू मोबाइलवरून वाचतो, अडखळत.
हल्ली बायका-पुरुष कुठेही बसतात,
उत्तर सगळीकडून येतं.
आई मात्र गप्प.
सव्वीसच्या सव्वीस ओळी ओठ मिटून.
मला वाटलं, हेही गेलं.

घरी आल्यावर मी तिचे बूट काढत होते.
तिनं डाव्या हातानं
मांडीवरचा मेलेला उजवा हात उचलला,
लेकरू दाखवायला आणावं तसा माझ्यासमोर धरला,
भुवया वर केल्या,
आणि थांबली.
साळवेसर थांबायचे तशी,
अर्धी ओळ वाचून झाल्यावर,
चष्म्यावरून डावीकडे बघत.

उत्तर मला पाठ होतं.
एका पायातला बूट तसाच राहिला.
बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं,
ती होत नव्हती.
थोडा वेळ लागला.