सहा फूट

खेळाला सहा फूट मोकळे लागतात,
असं लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराने सांगितलं.
मी मान डोलावली, घरी येऊन टेप लावली:
भिंत ते भिंत नऊ.
त्यात कपाट, त्यात हेमांगीचं शिलाई मशीन.

म्हणून रोज साडेसातला कॉट उभी होते,
मशीन मोरीच्या तोंडाशी सरकतं
आणि मी जातो पॅसेजमध्ये.
घरात दोन माणसं दिसली
की त्या काळ्या डोळ्याला कळत नाही
खेळतंय कोण.

चपलांच्या रॅकपाशी उभा राहून बघतो.
निहार बर्फाच्या लाद्यांवरून उड्या मारतो,
खाली निळं पाणी,
त्याच्याही खाली अकराव्या मजल्यावरच्या
पेडणेकर काकूंचं छत.
त्या झाडूच्या दांड्याने ठोकतात.
दोन ठोके म्हणजे पुरे.
तीन म्हणजे वर येते.

मी लिफ्ट दुरुस्त करतो.
पाव इंच खाली थांबली तरी माणूस अडखळतो,
ते पाव इंच काढणं हे माझं पोट.
आणि माझाच पोरगा
सपाट फरशीवर ठेचकाळायचा.
बाईंनी प्रगतीपुस्तकात हिरव्या शाईने लिहिलं होतं:
लंगडी घालता येत नाही.

रविवारी त्याला पोडियमवर नेलं,
वॉचमन जेवायला गेल्यावर,
'खेळण्यास मनाई'च्या पाटीखाली.
रबरी चेंडू टाकला, खालून, अलगद.
त्याचे हात मिटले
अगदी ऐटीत,
चेंडू यायच्या आधीच.
चेंडू छातीवर आपटून
कुणाच्या तरी गाडीखाली गेला.
'पप्पा, याला वजन आहे,' तो म्हणाला,
तक्रार केल्यासारखं.
मी तेव्हा पोटावर सरपटत होतो,
उत्तर राहूनच गेलं.

पण काल शाळेच्या घाईत
हाफपँट चढवताना
भिंतीला हात न लावता
तो एका पायावर उभा राहिला,
दुसरा आत जाईपर्यंत.
हेमांगी डबा भरत होती.
मी श्वाससुद्धा जपून घेतला.

संध्याकाळी तीन ठोके पडले.
काकू वर आल्या, धापा टाकत,
माझ्या शेजारी उभ्या राहिल्या.
मी माफीची सुरुवात केली,
चौपदरी कांबळं घालतो म्हणालो पायाखाली.
त्या ऐकत नव्हत्या. बघत होत्या.

'आधी दोन्ही पाय एकदम आदळायचे,' म्हणाल्या,
'आठवडाभर एकेक येतोय.
डावा अजून कच्चा वाटतो.'